निवृत्त होणाऱ्या काकांकडून नेमकं काय लिहून घ्यायचं?

तुमची अडचण मला समजली ती अशी. तुम्ही रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल प्लांटमध्ये प्रॉडक्शन इंजिनिअर आहात. तुमचे सगळ्यात जुने शिफ्ट इनचार्ज, ज्यांना अख्खा प्लांट 'काका' म्हणतो, नोव्हेंबरअखेर रिटायर होताहेत. प्लांट हेडनी सांगितलं, "त्यांच्याकडून सगळं डॉक्युमेंट करून घ्या." तुम्ही काकांना एक्सेलची फाइल करून दिली, ती महिनाभर कोरीच आहे. शेअर्ड ड्राइव्हवर फोल्डर केलं, त्यात कोणी डोकावत नाही. आणि तुम्ही रोज हँडओव्हरचा मेल टाकता, तो पुढच्या शिफ्टचं कोणी वाचत नाही.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या प्लांटांमध्ये आधी शिफ्ट केल्या, मग क्वालिटीत आलो, आणि गेली बरीच वर्षं कंपन्यांना हेच काम करून देतो आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली. वागळे इस्टेट आणि नंतर रबाळे, महापे, पावणे, तुर्भे हा पट्टा वसत गेला. इथल्या प्लांटवर हयात घालवलेली माणसं आता एकेक करून घरी चालली आहेत, आणि त्यांच्या जागी येणारी मुलं दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात. त्यामुळे हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही.

तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ मला एकच दिसतं. काका काय करतात हे एसओपीत, म्हणजे कामाच्या ठरीव लेखी पद्धतीत, बहुतेक आहेच. ते तसं का करतात, हे कुठेही नाही. तुम्हाला ते कारण उतरवून घ्यायचं आहे.

मी जवळून पाहिलेलं एक उदाहरण देतो. एका प्लांटमध्ये व्हॅक्यूम डिस्टिलेशनला (दाब कमी करून माल कमी तापमानात उकळवायचा) एक जुने इनचार्ज पावसाळ्यात जॅकेटची, म्हणजे भांड्याभोवतीच्या आवरणातली, स्टीम नेहमीपेक्षा कमी ठेवायचे. बॅच दोन तास जास्त चालायची. एसओपीत याचा उल्लेख नव्हता. विचारलं की म्हणायचे, "पावसाळ्यात असंच ठेवायचं." ते रिटायर झाले. पुढच्या जूनमध्ये नव्या इंजिनिअरला वाटलं, लोक उगाच वेळ काढताहेत. त्याने स्टीम वाढवली आणि बॅच रंगात फेल झाली.

कारण साधं होतं. कूलिंग टॉवर पाणी हवेच्या वेट बल्ब तापमानाच्या (ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते, हवा जितकी दमट तितकं ते जास्त) खाली नेऊ शकत नाही, प्रत्यक्षात तीन-चार अंश वरच राहतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की टॉवरचं पाणी तीस अंशांच्या पुढेच मिळतं. डिसेंबर-जानेवारीत तेच पाणी बरंच गार असतं. गरम पाण्यावर कंडेन्सर (वाफ निववून तिचा पुन्हा द्रव करतो तो) तेवढी वाफ पेलत नाही, न निवलेली वाफ व्हॅक्यूम पंपाकडे जाते, व्हॅक्यूम पडतो, व्हॅक्यूम पडला की उकळबिंदू वर चढतो, आणि माल गरम राहून काळवंडतो. स्टीम कमी ठेवली की वाफच कमी निघते आणि कंडेन्सरला झेपते. त्या इनचार्जनी हे सगळं इतक्या वेळा डोळ्यांनी पाहिलं होतं की त्यांना ते सांगण्यासारखंच वाटत नव्हतं.

पुढचा भाग माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे. बॅच फेल झाल्यावर कॅपा, म्हणजे चूक सुधारायचा आणि पुन्हा होऊ न द्यायचा लेखी उपाय, निघाला आणि एसओपीत ओळ चढली: 'जून ते सप्टेंबर जॅकेटची स्टीम कमी ठेवावी.' फक्त एवढीच. काही काळाने त्या रिॲक्टरला चिल्ड वॉटरवरचा दुसरा कंडेन्सर बसवला. आता पावसाळ्यात स्टीम कमी ठेवायची गरजच उरली नव्हती. तरी त्यानंतरही लोक इमानेइतबारे स्टीम कमी ठेवत राहिले, बॅचमागे दोन तास जात राहिले, कारण ओळ कशासाठी होती हे कोणाला माहीत नव्हतं आणि ती खोडायची हिंमत कोणात नव्हती. कारण न लिहिलेली सूचना एक तर कोणीतरी मोडतं, नाही तर ती कामाची राहिली नाही तरी चिकटून बसते. त्या ओळीत 'कंडेन्सरचं पाणी तीस अंशांच्या वर असेल तर, कारण व्हॅक्यूम पडतो आणि रंग जातो' एवढे शब्द असते, तर दोन्ही नुकसानं टळली असती.

आता कामाची पद्धत. 'सगळं' लिहून घ्यायचा नाद आधी सोडा. तुमच्या हातात अडीच महिने आहेत आणि काकांना शिफ्टही चालवायची आहे. निवड करावीच लागेल. त्यासाठी मी नेहमी एक युक्ती वापरतो: काकांच्या गणपतीच्या सुट्टीत प्लांटमधून त्यांना कोणाकोणाचे फोन गेले, ते विचारा. गावी गेलेला माणूस आरतीत असतानाही ज्या प्रश्नासाठी त्याला फोन करावा लागला, तो प्रश्न प्लांटमध्ये दुसऱ्या कोणालाच सुटत नाही, हे उघड आहे. पॅनल ऑपरेटरांना, मेंटेनन्सला, स्टोअरला वेगवेगळं विचारा, काकांनाही विचारा. मे महिन्यातल्या सुट्टीचंही विचारा. आठ-दहा विषय निघतील, आणि बहुतेक वेळा तेवढेच पुरेसे असतात. त्यात एखादा विषय यंत्राचा नसून माणसांचा निघेल. एमआयडीसीचं पाणी देखभालीसाठी बंद असतं त्या दिवशी टँकरचं कोणाशी बोलायचं, सेंट्रिफ्यूजच्या बास्केटचं बॅलन्सिंग चोख कोण करून देतं, असले. तेही यादीत घ्या. असली माहिती कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसते.

एक्सेल कोरी राहिली याचं मला आश्चर्य वाटत नाही. अनुभवी माणसाला 'तुम्हाला काय येतं ते लिहा' असं सांगितलं की त्याच्यापुढे काहीच येत नाही. त्याचं ज्ञान प्रसंगांना चिकटलेलं असतं. गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा हेच केलं: निर्णय कसे घेता असं न विचारता, एक कठीण आग घेऊन तिच्यावरच पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. तुम्हीही प्रसंगच धरा. 'काका, मागच्या वेळी तुम्ही बॅच मध्येच थांबवली होती, ती कुठली?' मग त्या एकाच बॅचला धरून बसा. सगळ्यात आधी काय खटकलं? पॅनलवर दिसलं, की खाली फील्डवर? आवाज बदलला होता, वास आला होता, की लाइनला हात लावून कळलं? त्या वेळी दुसरं काय करता आलं असतं, आणि ते का नाही केलं? माझ्यासारखं नवीन कोणी असतं तर त्याने कुठे चूक केली असती? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. जुनी माणसं स्वतःची हुशारी सांगायला संकोचतात, पण नवा माणूस कुठे फसेल हे मनापासून सांगतात, आणि त्यातच सगळं असतं.

हे बोलणं कॉन्फरन्स रूममध्ये नको. रिॲक्टरपाशी उभं राहून करा. यंत्र समोर असलं की काकांचा हात आपोआप त्या व्हॉल्व्हकडे जाईल आणि जे तासभर बसून आठवलं नसतं ते पटकन निघेल. सॉल्व्हंटच्या एरियात मोबाइल नेता येत नाही, म्हणून रेकॉर्डिंगचा विचार सोडा. खिशात छोटी डायरी ठेवा, खुणेचे शब्द लिहा, आणि त्याच दिवशी कँटीनमध्ये बसून सलग लिहून काढा. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवलंत तर तुमच्याच खुणा तुम्हाला लागणार नाहीत.

लिहायचं तुम्ही किंवा त्यांच्या जागी येणाऱ्याने, काकांनी नाही. आणि लिहिलेलं काकांना मोठ्याने वाचून दाखवा. "असं नाही हो, मी असं कुठं म्हटलं," असं ते म्हणाले की समजा काम बरोबर चाललंय, कारण त्यानंतर ते जे सांगतात ते पहिल्यापेक्षा नेमकं असतं. काका ज्या मराठीत बोलले त्याच मराठीत लिहा. 'माल गुठळायला लागला', 'पंप घोगरा वाजतो' हे शब्द तसेच राहू द्या. त्याचं ऑडिटच्या इंग्रजीत भाषांतर केलंत की खूण नाहीशी होते. कंट्रोल्ड कॉपी इंग्रजीत लागत असेल तर ती ठेवा, पण मशीनपाशी लावायचा कागद मराठीत, आणि कंत्राटी मुलं हिंदी वाचणारी असतील तर हिंदीतही करा. दोन्हींवर रिव्हिजन नंबर एकच हवा. एक कॉपी सुधारली आणि दुसरी तशीच राहिली, तर वेगवेगळ्या शिफ्टला वेगवेगळे आकडे दिसतील.

काकांच्या मनाचाही विचार करा. अनेकांना वाटतं की सगळं सांगून टाकलं की आपली किंमत संपली. काहींना रिटायरमेंटनंतर कंत्राटावर राहायची आशा असते आणि ते हातचं राखून सांगतात. यात त्यांचा दोष मानू नका. आयुष्यभर प्लांट सांभाळला आणि शेवटी एक्सेल भरायला दिली, याने कोणालाही वाईट वाटेल. प्लांट हेडनी स्वतः त्यांच्याशी बोलावं, पुढे बोलावणार असाल तर तसं स्पष्ट सांगावं, नसाल तर खोटी आशा दाखवू नये. आणि प्रत्येक टिपणावर काकांचं नाव घाला. झेरॉक्स कंपनीने १९९०च्या दशकात मशिन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांच्या युक्त्या गोळा करायला 'युरेका' नावाची व्यवस्था उभी केली होती. युक्ती दुसरे तंत्रज्ञ तपासत, आणि योग्य ठरली की देणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांपर्यंत जाई. आपलं नाव राहणार हे कळलं की माणूस मनापासून सांगतो, हा माझाही अनुभव आहे.

आता हँडओव्हर. मला यात सर्वात जास्त आस्था आहे, कारण इथे नुसती बॅच नाही, माणसं जातात.

६ जुलै १९८८ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट होऊन १६७ माणसं मेली. तिथे कंडेन्सेटचे, म्हणजे वायूतून वेगळ्या होणाऱ्या द्रवाचे, दोन पंप होते. 'ए' पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि त्या जागी ब्लाइंड फ्लँज (पाइपाचं तोंड बंद करणारी चकती) लावला होता. संध्याकाळी सहापर्यंत काम पुरं झालं नाही, शिफ्ट बदलली. रात्री पावणेदहाच्या सुमारास 'बी' पंप बंद पडला. रात्रपाळीच्या लोकांना 'ए' पंपाच्या ओव्हरहॉलचं परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, मिळालं, ते काम सुरूच झालेलं नव्हतं, म्हणून त्यांनी पंप चालू करायचं ठरवलं. व्हॉल्व्ह काढल्याचं परमिट वेगळं होतं, ते त्यांच्यासमोर आलंच नाही. फ्लँजमधून वायू सुटला आणि पेटला. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात, तो १९९०मध्ये आला, हस्तांतरणातल्या या त्रुटीवर नेमकं बोट ठेवलेलं आहे. माहिती कागदावर होती. फक्त ज्याला हवी होती त्याच्या हातात, त्या वेळी, नव्हती. तुमच्या फोल्डरची आणि तुमच्या मेलची अडचण हीच आहे.

अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ला स्फोट होऊन १५ कामगार मेले. तिथे रात्रपाळीने टॉवर अर्धवट भरून ठेवला होता आणि दिवसपाळीसाठी लॉगबुकात जेमतेम एक ओळ होती. कुठल्या भांड्यात किती भरलंय, कुठला व्हॉल्व्ह कसा ठेवलाय, यातलं काही तिच्यात नव्हतं.

आपल्या लॉगबुकांतल्या नोंदी कशा असतात ते तुम्ही रोज पाहता. 'आर-३ चालू. व्हॅक्यूम प्रॉब्लेम. मेंटेनन्सला सांगितलंय.' तीन वाजता येणाऱ्या माणसाला यातून काय कळलं? तीच नोंद अशी लिहून बघा:

'आर-३ डिस्टिलेशनला, १२.४०ला सुरू. व्हॅक्यूम ७०० मिमी लागतो, ६४०वर अडकलाय. पंपाचं सीलिंग वॉटर गरम आहे, म्हणून स्टीम अर्ध्यावर आणली. स्टँडबाय पंप चालू करू नका, त्याचं कपलिंग काढलंय, माणूस कामावर आहे, मोटरला टॅग लावलाय, परमिट पॅनल रूममध्ये. मास ७० अंशांच्या वर गेला तर स्टीम बंद करा, रंग जातो. मेंटेनन्स ४ला येणार म्हणालेत. सव्वाचारपर्यंत आले नाहीत तर मेंटेनन्सच्या शिफ्ट इंजिनिअरला फोन करा.'

लिहायला तीन-चार मिनिटं जास्त लागतात. पण यात आत्ताची स्थिती आहे, नेहमीपेक्षा वेगळं काय ते आहे, आपण काय केलं आणि का, काय करायचं नाही आणि का, आणि अपेक्षेप्रमाणे झालं नाही तर पुढे काय, हे सगळं आहे. 'प्रॉब्लेम', 'थोडं', 'बघून घ्या', 'लवकरात लवकर' हे शब्द लॉगबुकातून हद्दपार करा. 'थोडं'च्या जागी आकडा आणि 'लवकर'च्या जागी वेळ आली की नोंद आपोआप सुधारते.

मेल बंद करा, असंच मी म्हणेन. हँडओव्हर समोरासमोर, लॉगबुक मध्ये ठेवून, आणि येणाऱ्याने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगून. अमेरिकेतल्या नऊ हॉस्पिटलांत निवासी डॉक्टरांच्या ड्युटी-बदलासाठी 'आय-पास' ही ठरीव पद्धत आणली, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१४मध्ये प्रसिद्ध झालं. त्या पद्धतीची शेवटची पायरी हीच आहे: ऐकणाऱ्याने परत सांगायचं. आपल्याकडे कनिष्ठाला हे अवघड जातं, साहेबांपुढे 'मी काय समजलो ते सांगू का' म्हणायचा संकोच वाटतो. म्हणून सुरुवात वरिष्ठाने करावी, आणि काकांइतका योग्य माणूस दुसरा नाही. त्यांनी आठवडाभर रोज "आता तू मला सांग" म्हटलं तर तिन्ही शिफ्टला ती सवय लागेल.

ठाण्याहून किंवा पनवेलहून येणारी बस अडकली की हँडओव्हर पंधरा मिनिटांवरून दोन मिनिटांवर येतो, तोंडी आणि गेटवरच होतो. हा प्रश्न तुमच्या हातातला नाही, प्लांट हेडच्या हातातला आहे. बदली माणूस पॅनलवर बसल्याशिवाय जायचं नाही, आणि थांबलेल्या वेळेचा ओव्हरटाइम मिळायचा, हे दोन्ही त्यांनी जाहीर करायला हवं.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल एवढंच: निरोपासाठी ठीक आहे. पण ग्रुपवर झालेला निर्णय त्याच शिफ्टमध्ये लॉगबुकात उतरवायचा. वरिष्ठांना मेल करावाच लागला तर पहिल्या ओळीत तुम्हाला काय हवंय आणि कधीपर्यंत ते लिहा, मग कारण, मग बाकी तपशील. घडलेल्या क्रमाने लिहिलेला मेल वाचणारा मुद्द्यापर्यंत पोचतच नाही.

फोल्डर पूर्ण बंद करू नका, पण लहान करा. विषयाला एकच पान, प्रत्येक पानाचा एक नावानिशी मालक, आणि वर्षातून एकदा ते पान अजून खरं आहे का हे बघायची तारीख. पानाची छापील प्रत त्या यंत्रापाशी लावा, नाही तर बॅच शीटमध्येच ती ओळ घाला. रात्री दोन वाजता शेअर्ड ड्राइव्ह उघडून कोणी शोधत बसत नाही. या सगळ्याला वेळ आणि माणूस मागताना प्लांट हेडना आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकाची आठवण द्या. तुमच्या रिसेप्शनला ते प्रमाणपत्र बहुधा लावलेलं असेल. २०१५च्या आवृत्तीत कलम ७.१.६ संस्थेच्या ज्ञानाबद्दलच आहे: कामाला लागणारं ज्ञान ठरवायचं, जपायचं, आणि ज्याला लागेल त्याला उपलब्ध ठेवायचं. म्हणजे तुम्ही जादा काही मागत नाही आहात.

नोव्हेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत काकांना शिफ्टवरून मोकळं करा. ते प्लांटमध्ये असावेत, पण शिफ्ट नव्या इनचार्जने चालवावी, आणि विचारल्याशिवाय काकांनी बोलू नये. हे त्यांना फार जड जाईल, पण मनापासून विनंती करा. त्या दोन आठवड्यांत नव्या माणसाला जे जे विचारायला उठून जावं लागेल ते तुमच्या आठ-दहा पानांत नसलेलं असेल. ते लगेच लिहून घ्या.

एक गोष्ट मात्र आत्ताच प्लांट हेडशी बोलून ठेवा. काका नोव्हेंबरात जाताहेत, म्हणजे पावसाळ्यातलं काम नव्या माणसाला त्यांच्यासमोर करून दाखवता येणार नाही, आणि मी वर लिहिलेलं बरंचसं पावसाळ्यातच घडतं. पुढच्या जूनमध्ये तीन-चार दिवस त्यांना मानधन देऊन बोलवायचं, असं पत्र त्यांच्या शेवटच्या दिवसाआधीच एचआरकडून काढून घ्या. त्यात रोजचं मानधन आणि येण्याजाण्याची गाडी दोन्ही लिहिलेलं असू द्या. आणि तोपर्यंत नव्या इनचार्जने लॉगबुकाच्या शेवटच्या पानावर काकांना विचारायच्या गोष्टींची यादी ठेवावी, तारीख आणि बॅच नंबर घालून.